जुन्या जीपला एसी बसवताना : गॅस सगळ्यात शेवटी

उन्हाळा लागला की जुन्या जीपला एसी बसवून घेणाऱ्यांची गर्दी होते, आणि पावसाळ्याआधीच त्यातल्या बऱ्याच जीप परत गॅरेजच्या दारात उभ्या असतात. तक्रारी ठरलेल्या. घाटात गाडी गरम होते. रात्री एसी लावला की हेडलाइट पिवळे पडतात. अर्धा तास हवा गार येते आणि मग नुसता वारा. उपायही ठरलेला: "गॅस कमी झालाय, भरून घ्या." गॅस खरोखर कमी असला तरी तो का कमी झाला हे कुणी पाहत नाही, आणि बाकीच्या तक्रारींशी तर गॅसचा संबंधच नसतो. तिथे कामाचा क्रमच चुकलेला असतो.

हा लेख महिंद्राच्या डिझेल जीपसाठी आहे, मुख्यतः २०१० साली आलेल्या बिनएसीच्या थार डीआयसाठी. तिचं २५२३ सीसी इंजिन बोलेरोच्या घराण्यातलं, त्यामुळे ब्रॅकेट, पुली, कॉम्प्रेसर मिळवणं सोपं जातं. २११२ सीसी पूजो इंजिनाच्या एमएम ५४० वाल्यांना ब्रॅकेट बनवून घ्यावा लागेल, बाकी सगळं तसंच. जिप्सीवाल्यांनी टप्पा २ सोडून बाकीचं वाचावं.

## टप्पा १ : पार्ट घेण्याआधी गाडी तपासा

इंजिन कुलिंग. एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाकडून साधारण ३ ते ५ हॉर्सपॉवर खातो. ६३ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे जाणवतं. त्यात कंडेन्सर (दाबलेल्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) रेडिएटरच्या पुढे बसणार, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळणार. एसी नसताना घाटात जिचा टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर चढतो, ती जीप एसीसाठी तयार नाही. आधी रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, थर्मोस्टॅट बदला, पंख्याभोवतीचं श्राउड जागेवर आहे का पाहा. जुन्या जीपमध्ये श्राउड कुणीतरी कधीतरी काढून फेकलेलं असतं. ते नसेल तर पंखा इंजिनाच्याच खोलीतली गरम हवा फिरवत बसतो.

अल्टरनेटर. मागच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेले असतात ते वाचा आणि कागदावर बेरीज मांडा. हेडलाइट १० अँपिअर, टेल व मीटरचे दिवे ३, वायपर ४, ब्लोअर (आत हवा सोडणारा पंखा) १२, कंडेन्सरचा पंखा १०, कॉम्प्रेसरचा क्लच (पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा-सोडणारा विजेचा भाग) ४, बॅटरी चार्जिंगला निदान ५. झाले ४८. आणि प्लेटवरचा आकडा असतो जास्त आरपीएमचा. सिग्नलला आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, त्याहून बरेच कमी हाती लागतात. म्हणून ६५ ते ७५ अँपिअरचा अल्टरनेटर धरा.

> सावधान : अनेक डिझेल जीपमध्ये ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. भंगारातून मोठा अल्टरनेटर आणताना पाठीला पंप आहे आणि त्याची ऑइल लाइन जुळते, याची खात्री करा. बिनपंपाचा बसवला तर एसी लागेल, ब्रेक मात्र दगड होईल.

उष्णता अडवणं. कॅनव्हास हूड आणि फटी असलेले दरवाजे तसेच ठेवून एसी बसवायचा असेल तर पैसे वाचवा. फायरवॉल, गिअरबॉक्सवरचा टनेल आणि छत यांना आतून इन्सुलेशन लावा, दरवाज्यांचे रबर बदला, क्लच-ब्रेक पेडलच्या भोवतीची भोकं बंद करा. हे काम डॅशबोर्ड उघडलेला असतानाच होतं, नंतर कुणी करत नाही.

## टप्पा २ : पार्ट आणि कोरडी जुळवणी

लागणारं सामान: कॉम्प्रेसर, इंजिनाचा ब्रॅकेट, बेल्ट, कंडेन्सर आणि त्याचा पंखा, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा), प्रेशर स्विच, कूलिंग कॉइल व ब्लोअरचं युनिट (कॉइलमध्ये बारीक तोंडातून गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह व कॉइल फार गार झाली की कॉम्प्रेसर थांबवणारा थर्मोस्टॅट यांसह), पाइप, ओ-रिंग. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे हे सगळं मिळतं. एक नियम पाळा: कॉम्प्रेसर जुना चालेल, ड्रायर आणि ओ-रिंग नव्याच. जुन्या कॉम्प्रेसरमधलं ऑइल काढून मोजा, रंग पाहा. काळं किंवा चंदेरी चकाकी असलेलं निघालं तर तो परत करा. आत धातूची भुकटी आहे आणि ती नव्या कंडेन्सरमध्ये जाऊन बसणार.

पार्ट आणायला जाताना क्रँक पुलीचा फोटो आणि मापं सोबत ठेवा. कॉम्प्रेसरसाठी पुलीवर मोकळी खाच हवी. नसेल तर एसी बोलेरोची क्रँक पुली शोधा. जुन्या पुलीवर दुसरी पुली वेल्ड करण्याच्या भानगडीत पडू नका, तिचा तोल कधीच नीट साधत नाही.

मग सगळं एकदा कोरडं बसवून बघा. पाइप नाही, वायर नाही, फक्त जागा.

- कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ब्लॉकवर बसला पाहिजे, चासीवर नाही. इंजिन माउंटवर हलतं, चासी हलत नाही. दोघांत बेल्ट अडकवला की तो फार दिवस टिकत नाही. ब्रॅकेट बनवून घेत असाल तर ८ ते १० मिलिमीटर प्लेट, कोपऱ्यांना त्रिकोणी आधारपट्ट्या, ८.८ ग्रेडचे बोल्ट. पातळ प्लेटचा ब्रॅकेट थरथरतो आणि एक दिवस वेल्डजवळ चिरतो.
- पुली एका रेषेत. सरळ पट्टी क्रँक पुलीला टेकवून कॉम्प्रेसरच्या पुलीपर्यंत न्या. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर वॉशर घालून किंवा ब्रॅकेट घासून जुळवा. बेल्ट ताणल्यावर मधोमध अंगठ्याने दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबावा.
- कंडेन्सर रेडिएटरपासून १५ ते २० मिलिमीटर पुढे, बाजूच्या फटी फोमच्या पट्टीने बंद. जीपची जाळी अरुंद असते, त्यामुळे बसेल तेवढा मोठा कंडेन्सर घ्या आणि फोम विसरू नका. फट राहिली की हवा कंडेन्सरला वळसा घालून जाते.
- कूलिंग युनिट डॅशबोर्डखाली लावताना ड्रेन पाइपला खाली सतत उतार मिळतो का पाहा. पाइप गाडीच्या बाहेर, सायलेन्सरपासून दूर निघाला पाहिजे. नदी-ओढे ओलांडत असाल तर त्याच्या तोंडाला चपटा रबरी व्हॉल्व्ह लावा, नाहीतर बाहेरचं पाणी उलट आत येतं.

तपासणी : बॉनेट बंद होतं का? स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं तर काही घासतं का? इंजिन चालू करून एक झटका रेस द्या. इंजिन बाजूला किती झुकतं ते डोळ्यांनी पाहा, पाइपला तेवढी ढील ठेवायची आहे.

## टप्पा ३ : पाइप

पाइप बॅरिअर होजचाच (आत गॅस अडवणारा थर असलेला) घ्या. साध्या रबरी पाइपमधून आर-१३४ए (एसीत भरायचा गॅस) हळूहळू झिरपतो आणि वर्षभरात "गॅस कमी" होतो. सगळ्यात जाड पाइप सक्शनचा, कूलिंग युनिटकडून कॉम्प्रेसरकडे. मधला डिस्चार्जचा, कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे. सगळ्यात बारीक लिक्विड लाइनचा, ड्रायरमार्गे पुन्हा युनिटकडे. फिटिंग कोरडी जुळवणी झाल्यावर जागेवर माप घेऊनच क्रिंप करून घ्या. आधी पाइप आणि मग जागा, असं केलं की कुठेतरी पीळ पडतोच.

ओ-रिंगला कॉम्प्रेसर ऑइलचा थेंब लावा, ग्रीस नाही. नट दोन पान्यांनी घट्ट करा: एक धरायला, एक फिरवायला. एकाच पान्याने ॲल्युमिनियमची नळी पिळवटते आणि ती गळती महिन्याभराने उघडी पडते. दर फूटभर अंतरावर रबर लावलेला क्लॅम्प, फायरवॉलमधून जाताना ग्रॉमेट, मॅनिफोल्डजवळून जात असेल तर उष्णतारोधक स्लीव्ह. खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाडीत पाइप फुटत नाहीत, घासून घासून भोक पडतं.

ड्रायर उभाच बसवा आणि त्यावरचा बाण कंडेन्सरकडून युनिटकडे ठेवा. त्याची टोपणं सगळ्यात शेवटी, बाकीचे जोड पूर्ण झाल्यावर काढा. आतले दाणे हवेतली ओल शोषतात. पावसाळी दिवसात टोपण काढून ड्रायर रात्रभर ठेवला तर तो नवा असूनही संपलेला असतो.

## टप्पा ४ : वायरिंग

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बहुतेक गॅरेजात एसीची वायर सरळ इग्निशन स्विचमधून किंवा हेडलाइटच्या फ्यूजवरून काढतात. जुन्या जीपच्या इग्निशन स्विचला हा भार झेपत नाही. आधी स्विच तापतो, मग कधीतरी चालत्या गाडीत तुटतो.

पॉवरची बाजू. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा मुख्य फ्यूज. तिथून ६ चौरस मिलिमीटरची वायर एका नव्या, स्वतंत्र फ्यूज बॉक्सला. तिथे तीन वाटा:

- ब्लोअर : २० अँपिअर फ्यूज, २.५ चौ. मिमी वायर
- कंडेन्सर पंखा : २० अँपिअर फ्यूज, २.५ चौ. मिमी वायर
- कॉम्प्रेसर क्लच : १० अँपिअर फ्यूज, १.५ चौ. मिमी वायर

प्रत्येकाला स्वतःचा रिले, म्हणजे बारीक वायरीच्या हुकमाने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. फ्यूजकडून आलेली वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून भाराकडे. क्लच आणि पंखा एकाच रिलेवर टाकू नका. पंखा सुरू होताना झटक्यात बराच जास्त करंट ओढतो आणि रिलेचे पॉइंट चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे किल्ली काढल्यावरही फिरणारा पंखा आणि सकाळी बसलेली बॅटरी.

हुकमाची बाजू. खरं डोकं इथे आहे. कॉम्प्रेसर कधी चालवायचा यापेक्षा कधी चालवायचा नाही, हे या बारीक वायरी ठरवतात.

१. इग्निशनमधून फक्त एक बारीक वायर, ५ अँपिअर फ्यूजमार्गे, ब्लोअर रिलेच्या ८६ ला. ८५ अर्थला (८५ आणि ८६ ही रिलेच्या हुकमाची टोकं). किल्ली बंद की ब्लोअर बंद.

२. ब्लोअर रिलेच्या ८७ मधून वायर ब्लोअरच्या रोटरी स्विचला. बाजारातल्या बऱ्याच स्विचना एक जादा टर्मिनल असतं, ब्लोअर कुठल्याही वेगावर असला की ते चालू राहतं. एसीचा हुकूम तिथूनच घ्यायचा. ब्लोअर बंद असताना कॉम्प्रेसर चालला तर कूलिंग कॉइलवर बर्फाची भिंत उभी राहते.

३. त्या टर्मिनलपासून ३ अँपिअर फ्यूज, मग एसी स्विच, मग थर्मोस्टॅट, मग प्रेशर स्विच, मग क्लच रिलेचा ८६. एकामागे एक, साखळीने. कुठलीही एक कडी सुटली की कॉम्प्रेसर थांबला पाहिजे.

४. साधा दोन वायरींचा प्रेशर स्विच असेल तर पंख्याच्या रिलेचा ८६ क्लच रिलेच्या ८६ लाच जोडा. चार वायरींचा ट्रायनरी (पंख्यासाठी वेगळी जोडी असलेला प्रेशर स्विच) असेल तर त्याची पंख्याची जोडी एसी स्विचच्या पुढून घ्या, थेट इग्निशनवरून नाही. कारण पाण्यात कळेल: ओढा ओलांडताना तुम्ही एसी बंद केला तरी लाइनमधलं प्रेशर लगेच उतरत नाही, थेट जोडलेला पंखा मध्येच सुरू होतो, पाती पाण्यात वाकतात आणि कंडेन्सर फाडतात. एसी स्विच बंद म्हणजे पंखाही बंद, अशीच जोडणी हवी.

प्रेशर स्विच लाइनमध्ये गॅस फार कमी, साधारण २ बारच्या खाली असला, किंवा प्रेशर २७ ते ३२ बारपर्यंत चढलं की तोडतो. पहिल्या वेळी तो कॉम्प्रेसरला बिनतेलाचं फिरण्यापासून वाचवतो, दुसऱ्या वेळी पाइपला फुटण्यापासून.

डायोड. क्लचच्या दोन वायरींमध्ये १एन४००७ डायोड लावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. क्लच सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो, तो रिलेचे पॉइंट जाळतो. काही रुपयांची वस्तू आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मूठभर मिळते. उलटी लावली तर फ्यूज लगेच जातो, म्हणजे चूक लपत नाही.

अर्थिंग. जुन्या जीपची बॉडी आणि चासी यांच्यातला अर्थ गंजलेला असतो. पंख्याचा आणि ब्लोअरचा अर्थ वेगळ्या वायरीने बॅटरी निगेटिव्हपर्यंत आणा, किंवा चासीवर रंग खरवडून, लग लावून, वर ग्रीस लावून घट्ट करा. शिवाय इंजिन ते चासी एक जाड पट्टी नवी टाका. अर्धे "कॉम्प्रेसर खराब"चे निदान इथे मिटतात. जोड पिळून टेप गुंडाळू नका. लग क्रिंप करून उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा.

तपासणी, गॅस नसताना : इंजिन बंद, किल्ली चालू. लाइन रिकामी असल्याने प्रेशर स्विच सर्किट तोडून बसलेला असेल. त्याच्या दोन वायरी क्षणभर जोडून पाहा. ब्लोअर चालू, एसी चालू केल्यावर क्लचचा 'टक्' आवाज आला पाहिजे. ब्लोअर बंद केला की क्लच सुटला पाहिजे. झालं, जोड काढून स्विच पुन्हा लावा.

> सावधान : हा तात्पुरता जोड गाडीत राहू देऊ नका. "स्विच त्रास देत होता म्हणून शॉर्ट केला" असं सांगणाऱ्या मेकॅनिककडून गाडी लगेच परत घ्या. स्विच त्रास देत नव्हता, काहीतरी सांगत होता.

## टप्पा ५ : नायट्रोजनने गळती तपासणी

कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटरसह, साधारण १५० पीएसआयपर्यंत. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. मग गेजवरचा आकडा लिहून ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळच्या गारव्यात तो थोडा उतरलेला दिसेल, घाबरू नका. आदल्या दिवशीच्याच वेळी, तेवढ्याच तापमानाला पुन्हा वाचा.

ऑक्सिजनचा सिलिंडर चुकूनही जोडू नका. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

## टप्पा ६ : व्हॅक्यूम

आतला नायट्रोजन बाहेर सोडा आणि व्हॅक्यूम पंप लावा. निदान ४५ मिनिटं, कोकणात किंवा पावसाळ्यात त्याहून जास्त. आतली ओल उकळवून बाहेर काढायची आहे आणि त्याला वेळ लागतो. ओल राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते: अर्धा तास गार, मग बंद, थोडा वेळ थांबलं की पुन्हा गार. सुरुवातीला म्हटलेली ती तक्रार हीच.

गेजच्या आकड्यावरून वाद होतात, म्हणून सांगतो. मुंबईत चांगला पंप जवळपास ३० इंच (पारा) दाखवेल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे तोच पंप २८ च्या आसपास थांबेल. पंप खराब नाही, बाहेरच्या हवेचाच दाब कमी आहे. पाहायचं ते हे की पंप बंद करून व्हॉल्व्ह मिटल्यावर अर्धा तास काटा जागचा हलत नाही. हलला तर टप्पा ५ ला परत.

बरेच जण टप्पा ५ गाळून फक्त व्हॅक्यूमवर गळती तपासतात. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत दाब असतो एका वातावरणाइतकाच, चालू एसीत आतून बाहेर दहा-पंधरा पट. ओ-रिंगची बारीक गळती व्हॅक्यूममध्ये उलट दाबली जाऊन लपते.

## टप्पा ७ : गॅस

गॅस वजनकाट्यावर भरा, डोळ्यांनी किंवा "पाइप गार लागला" यावर नाही. अशा बसवलेल्या सिस्टिमला कंपनीचा स्टिकर नसतो, म्हणून ४०० ग्रॅमपासून सुरू करून ५०-५० ग्रॅमने वर जा. पहिला भाग इंजिन बंद ठेवून. मग हाय साइडचा (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह बंद करून, कॉम्प्रेसरचा क्लच हाताने दहा-बारा वेळा फिरवून, इंजिन सुरू करा आणि बाकीचा गॅस लो साइडने (कमी दाबाच्या, सक्शनच्या बाजूने), सिलिंडर उभा ठेवून, वाफेच्या रूपात द्या.

> सावधान : इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडला तर कॉम्प्रेसरचा दाब उलट गॅसच्या डब्यात जातो आणि डबा फुटतो. आणि स्वस्तात मिळतो म्हणून एलपीजीसारखा जळाऊ गॅस भरून घेऊ नका. कूलिंग कॉइल गळली तर तो तुमच्या पायाशी साठतो.

३०-३५ अंशांच्या हवेत, इंजिन १५०० आरपीएमवर, लो साइड २५ ते ४० पीएसआय आणि हाय साइड १८० ते २५० पीएसआय दिसली पाहिजे. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त झालाय किंवा कंडेन्सरवरून हवा जात नाही. कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारा, हाय साइड झपाट्याने उतरली तर दोष हवेचा. लो साइड व्हॅक्यूमकडे जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकलाय किंवा ओल गोठली आहे. आर-१३४ए चं प्रेशर २८ पीएसआय असताना कॉइलमध्ये शून्य अंश असतात, त्यामुळे थर्मोस्टॅटने शून्याच्या जरा वरच क्लच तोडायला हवा.

## टप्पा ८ : आयडल आणि घाट

क्लच लागताच डिझेल इंजिनाचा आयडल दबतो. आयडल-अप सोलेनॉइड लावा आणि त्याची वायर क्लच रिलेच्या ८७ वरून घ्या, म्हणजे क्लच लागला तरच रेस वाढेल. नुसता डिझेल पंपाचा आयडल स्क्रू वाढवून ठेवला तर एसी बंद असतानाही गाडी धडधडत राहते. जिप्सीच्या एमपीएफआय इंजिनात आयडल ईसीयू (इंजिनाचा संगणक) सांभाळतो, तिथे स्क्रूला हात नको.

रात्री सिग्नलला हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि एसी सगळं चालू ठेवून मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १३ व्होल्टच्या आसपास टिकले पाहिजेत आणि क्लचच्या कनेक्टरवर त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट नको. जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्चा. कमी व्होल्टवर क्लच घसरतो, जळका वास येतो आणि लोक कॉम्प्रेसर बदलून घेतात.

मग दुपारच्या उन्हात पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट चढा, एसी चालू ठेवून. काटा चढू लागला तर एसी बंद करून तो किती वेळात उतरतो ते पाहा. लगेच उतरला तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यातला फोम व श्राउड तपासा. उतरलाच नाही तर टप्पा १ मधलं काम बाकी आहे.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर बेल्ट पुन्हा ताणा, ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पान्याने पाहा, क्लॅम्पखाली पाइप घासलाय का बघा. जोडाशी तेलकट डाग दिसला तर तीच गळती. गॅससोबत तेलही बाहेर येतं. विमा नूतनीकरणाच्या वेळी हे फिटिंग विद्युत उपकरण म्हणून किमतीसह पॉलिसीत लिहून घ्या, त्यासाठी पार्टची बिलं जपून ठेवा.